लंडन ते तेहरान, दोहा, काबूल: जुन्या ब्रिटिश ट्रकचा इतिहास शोधायचा कसा

१९६४ साली एशियन ट्रान्सपोर्ट या ब्रिटिश कंपनीचा एक वॉरियर ट्रक (‘गाय’, Guy, या ब्रिटिश कारखान्याचा) माल भरून थेट काबूलपर्यंत गेला. पुढे हीच कंपनी ॲस्ट्रन नावाने ओळखली जाऊ लागली. १९६७ ते १९७५ सुएझ कालवा बंद होता. १९७३ नंतर तेलाचा पैसा आला, आखातात बांधकामं निघाली आणि बंदरांवर जहाजांची इतकी गर्दी झाली, की इंग्लंडहून माल रस्त्याने पाठवणं परवडू लागलं. मग एईसी, स्कॅमेल, ॲटकिन्सन, फोडेन, ईआरएफ, लेलँड अशा कितीतरी ब्रिटिश बनावटीच्या ट्रकांनी बेल्जियम, जर्मनी, ऑस्ट्रिया, युगोस्लाव्हिया आणि तुर्कस्तान पार करत इराण, इराक, सौदी, कतार गाठलं. १९७९ची इराणी क्रांती आणि १९८० साली सुरू झालेलं इराण-इराक युद्ध यांनी या वाहतुकीचा मोठा भाग मोडला.

त्यातले काही ट्रक आजही आहेत. काही ब्रिटनमध्ये हौशी मालकांकडे, काही बेल्जियम-हॉलंडच्या शेडमध्ये, काही आखातातल्या भंगार यार्डात. असा ट्रक किंवा त्याचा जुना फोटो हाती आला आणि त्याचा माग काढायचा असेल, तर काम कोणत्या क्रमाने करावं, ते इथे लिहिलं आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना अभिलेखागारांत स्वतः जाता येईल आणि आखातात नोकरीला असलेल्यांना यार्डात. बाकीच्यांचं बरंचसं काम पत्रव्यवहाराने होतं.

सुरुवातीलाच एक खुलासा. आपल्याकडच्या अशोक लेलँड कॉमेटला हा लेख लागू नाही. त्या गाड्यांची कागदपत्रं मद्रासजवळच्या एन्नोरच्या कारखान्यापासून आणि आपल्या आरटीओपासून सुरू होतात.

जवळ काय असावं

ट्रक समोर असेल तर हाताने चालवायचा तारेचा ब्रश, रॉकेल किंवा डिझेल, चिंध्या, पेंट रिमूव्हर, पांढरा खडू, मऊ पेन्सिल आणि पातळ कागद, लहान टॉर्च, मोजपट्टी, आणि २४०, ४००, ६००, ८०० नंबरचे वॉटर पेपर. हातमोजे आणि चांगला मास्क हवाच. मास्क का हवा, ते रंगाच्या भागात येईल.

कागद गोळा करताना पुढच्यापैकी जे मिळेल ते घ्या: आताचं नोंदणीपत्र, जुनं लॉगबुक (म्हणजे ब्रिटनमधलं जुनं नोंदणी पुस्तक), विक्रीची पावती, टॅक्स डिस्क (कर भरल्याची काचेवर लावायची गोल चिठ्ठी), ब्रिटिश वाहतूक मंत्रालयाची वजनाची प्लेट, टीआयआर कार्नेटची (सीलबंद माल सीमेवर न उघडता नेण्याच्या पुस्तकाची) शिल्लक पानं, ट्रेलरचं टीआयआर मान्यता प्रमाणपत्र, ड्रायव्हरचे जुने पासपोर्ट, डिझेलच्या पावत्या, फोटो आणि स्लाइड. फाटलेलं, तेलकट झालेलं पानही टाकू नका.

१. आधी चासी नंबर, बाकी सगळं नंतर

नंबर प्लेट बदलते. दारावरचं नाव बदलतं. अपघातानंतर केबिन बदलली जाते, इंजिन तर बदलतंच. ट्रक ‘तोच’ आहे हे सांगणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे चासीच्या लोखंडावर ठोकलेला नंबर. नवखे लोक उलट करतात. आधी दारावरच्या नावामागे लागतात आणि सहा महिन्यांनी कळतं, की केबिन दुसऱ्याच गाडीची आहे.

नंबर दोन ठिकाणी शोधायचा. एक, केबिनमधली किंवा इंजिनाच्या आवरणावरची कारखान्याची पाटी. दोन, चासीच्या लांब गर्डरवर ठोकलेले आकडे. हे बहुधा पुढच्या भागात, समोरच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या हँगरजवळ सापडतात, पण जागा प्रत्येक कारखान्याची वेगळी. उजवा आणि डावा दोन्ही गर्डर आतून-बाहेरून बघा. पाटीवरचा नंबर आणि गर्डरवरचा नंबर जुळला तर उत्तम. नाही जुळला तर गर्डर खरा माना आणि पाटी केबिनबरोबर आली असं समजून पुढे चला.

नंबर साफ करायची पद्धत अशी. आधी रॉकेलने ग्रीस काढा. मग पेंट रिमूव्हर लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि हलक्या हाताने तारेचा ब्रश फिरवा. ग्राइंडर लावू नका. ठोकलेल्या आकड्याची खोली मिलिमीटरभरही नसते. गंज आणि लोखंड दोन्ही एकदम जातं आणि आकडा ३ होता की ८ हे कायमचं कळेनासं होतं. पृष्ठभाग कोरडा झाला की त्यावर खडू घासा आणि बोटाने पुसा. खडू खाचेत राहतो, बाकीचा निघतो. टॉर्च समोरून न धरता गर्डरला चिकटवून आडवी धरा, म्हणजे आकड्यांची सावली पडते. शेवटी पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलने ठसा घ्या. फोटोत चकाकी येते, ठशात येत नाही. म्हणून संग्रहालयाला पाठवायला दोन्ही हवेत.

आकड्यांच्या आधीची अक्षरंही उतरवून घ्या. त्यांत बहुधा मॉडेल आणि स्टिअरिंगची बाजू दडलेली असते. एईसीच्या संकेतात शेवटाकडचा ‘आर’ म्हणजे उजवं स्टिअरिंग आणि ‘एल’ म्हणजे डावं. आपल्या विषयात याला फार किंमत आहे. डाव्या स्टिअरिंगची गाडी म्हणजे परदेशासाठीच मागवलेली असण्याची शक्यता मोठी. उलटं मात्र खरं धरू नका. मध्यपूर्वेला गेलेले पुष्कळ ब्रिटिश ट्रक उजव्या स्टिअरिंगचेच होते.

२. गाडी खरोखर ब्रिटिश बनावटीची आहे ना?

दिसायला हा प्रश्न साधा, पण इथे खूप जण फसतात. मागे ‘जीबी’चा अंडाकृती स्टिकर असणं म्हणजे ब्रिटनमध्ये नोंदलेली गाडी, ब्रिटनमध्ये बनलेली नव्हे. या मार्गावर ब्रिटिश ड्रायव्हर ज्या गाड्या सर्वाधिक चालवत, त्यांत स्वीडनची व्होल्व्हो एफ-८८ होती. फोर्ड ट्रान्सकॉन्टिनेंटल हीसुद्धा १९७५ पासून ॲम्स्टरडॅमला बनत होती.

केबिनवरून कारखाना ओळखणंही धोक्याचं. १९६४ साली आलेली एर्गोमॅटिक केबिन लेलँड, एईसी आणि अल्बियन या तिन्ही नावांच्या गाड्यांवर बसली. फरक जाळी आणि बिल्ल्याचा. बिल्ला दोन स्क्रूंचा असतो आणि तीस-चाळीस वर्षांत कोणीही बदललेला असू शकतो. ईआरएफने युरोपसाठी १९७३च्या सुमारास आणलेल्या ट्रकची पोलादी केबिनही कॉव्हेंट्रीच्या मोटर पॅनेल्स कंपनीची होती, ईआरएफची स्वतःची नव्हे. आणि इंजिन? कमिन्स आणि गार्डनर तर अनेक कारखान्यांच्या गाड्यांत सापडतात. त्यामुळे इंजिनाचा नंबर लिहून घ्या, पण त्यावरून गाडीचं नाव ठरवू नका. कारखान्याच्या नोंदीतला इंजिन नंबर आणि प्रत्यक्षातला नंबर जुळला, तर मात्र तो बळकट पुरावा होतो.

३. ब्रिटिश नंबर प्लेट वाचायला शिका

१९६३ ते १९८३ या काळातल्या ब्रिटिश नंबराची रचना ठरलेली आहे: तीन अक्षरं, एक ते तीन आकडे, आणि शेवटी एक अक्षर. शेवटचं अक्षर वर्ष सांगतं. ए म्हणजे १९६३, बी १९६४, सी १९६५, डी १९६६. ई फक्त जानेवारी ते जुलै १९६७. तिथून अक्षर दर वर्षी १ ऑगस्टला बदलू लागलं. एफ ऑगस्ट १९६७ला सुरू, जी १९६८, एच १९६९, जे १९७०, के १९७१, एल १९७२, एम १९७३, एन १९७४, पी १९७५, आर १९७६, एस १९७७, टी १९७८, व्ही १९७९, डब्ल्यू १९८०, एक्स १९८१, वाय १९८२. आय, ओ, क्यू, यू, झेड वर्षासाठी वापरलेच नाहीत. ऑगस्ट १९८३ पासून हेच अक्षर पुढे आलं.

पहिल्या तीन अक्षरांतली शेवटची दोन नोंदणीचं ठिकाण सांगतात. केएम, केटी ही केंटची; टीयू चेशरचं. फोडेन आणि ईआरएफ दोघांचे कारखाने चेशरमधल्या सँडबाखला होते, तरी चेशरचा नंबर म्हणजे कारखान्याची स्वतःची गाडी असं मात्र नाही.

यातल्या अडचणी अशा:

वर्ष नोंदणीचं असतं, निर्मितीचं नाही. चासी कारखान्यातून निघून विक्रेत्याकडे काही महिने पडून राहिली, की ‘१९७४ची’ गाडी ‘१९७५ची’ दिसते.

काही जिल्ह्यांनी शेवटचं अक्षर १९६५ पर्यंत लावलंच नाही.

उत्तर आयर्लंडच्या नंबरात वर्षाचं अक्षर नसतं. त्यात आय किंवा झेड दिसलं की वय ठरवायचा हा रस्ता सोडून द्या.

क्यू अक्षराने सुरू होणारा नंबर १९८३ पासून, ज्या गाडीचं वय सिद्ध झालं नाही तिला मिळतो. परदेशातून कागदांशिवाय परत आणलेल्या ट्रकला तो मिळू शकतो. अशा वेळी जुना नंबर दुसरीकडून शोधावा लागतो.

आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे, ब्रिटनमध्ये आकर्षक नंबर विकले जातात. तुमच्या फोटोतल्या ट्रकचा नंबर आज एखाद्या मोटारीवर असू शकतो. ऑनलाइन शोधात मोटार दिसली म्हणून फोटो खोटा ठरत नाही.

४. मंत्रालयाची वजनाची प्लेट

ब्रिटनमध्ये १९६८ पासून जड ट्रकांची वार्षिक तपासणी आणि वजनाची नोंद सक्तीची झाली. तेव्हापासून केबिनमध्ये मंत्रालयाची एक छापील प्लेट चिकटवलेली असते. तिच्यावर नोंदणी क्रमांक, चासी क्रमांक, पहिल्या नोंदणीचं वर्ष, मॉडेल आणि प्रत्येक ॲक्सलचं वजन असतं. म्हणजे नंबर प्लेट आणि चासी यांना एकत्र बांधणारा हा कागद आहे. दारामागे, सीटखाली, डॅशबोर्डच्या कप्प्यात नीट शोधा.

वजनाचे दोन रकाने वेगळे वाचा. एक ब्रिटनमध्ये परवानगी असलेलं वजन, दुसरं गाडीच्या रचनेचं वजन. ब्रिटनमध्ये ट्रक-ट्रेलरची कमाल मर्यादा मे १९८३ मध्ये ३८ टन झाली, त्याआधी ती साडेबत्तीस टन होती. तेव्हा ब्रिटनच्या रकान्यात ३८ दिसले तर ती प्लेट मे १९८३ नंतर दिलेली आहे, गाडी आधीची असली तरी. रचनेच्या रकान्यात मात्र आधीही मोठा आकडा असू शकतो, कारण युरोपात जास्त वजन चालायचं आणि परदेशी मार्गाचे ट्रक त्या हिशेबानेच बनवले जायचे.

५. कारखान्याची नोंद मागवा

लँकेशरमधल्या लेलँड गावात ब्रिटिश कमर्शियल व्हेइकल म्युझियम आहे. लेलँड समूहातल्या कारखान्यांच्या जुन्या नोंदी तिथे जपल्या आहेत: लेलँड, एईसी, स्कॅमेल, गाय यांच्या. शोधाचं शुल्क पडतं आणि वेळ लागतो. अल्बियनसाठी स्कॉटलंडमधल्या बिगर इथल्या अल्बियन संग्रहाला लिहा. फोडेन, ईआरएफ, ॲटकिन्सन हे लेलँड समूहाबाहेरचे, तेव्हा त्यांच्यासाठी त्या-त्या गाडीच्या मालकांचे क्लब गाठावे लागतात.

पत्रात पाचच गोष्टी लिहा: अक्षरांसह पूर्ण चासी नंबर, इंजिन नंबर, नोंदणी क्रमांक, ठशाचा फोटो, आणि तुम्हाला नेमकं काय हवं आहे. ‘सगळी माहिती पाठवा’ असं लिहिलेलं पत्र ढिगात तळाला जातं. ‘या चासीचं बिल्ड शीट आणि पहिला ग्राहक’ असं लिहिलेल्याला उत्तर मिळतं.

बिल्ड शीटमध्ये साधारण चासी, इंजिन, गिअरबॉक्स, मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर, कारखान्यातून निघाल्याची तारीख आणि विक्रेता किंवा ग्राहक असतो. ॲक्सलचं गुणोत्तर दुर्लक्षू नका. लांबच्या मोटरवेसाठी मागवलेल्या गाडीत ते ‘उंच’ म्हणजे वेगाकडे झुकलेलं असतं, खाणीच्या किंवा डोंगराळ कामाच्या गाडीत उलट. मोठी टाकी, स्लीपर केबिन, डावं स्टिअरिंग या तीन गोष्टी शीटवर एकत्र दिसल्या, की गाडी कुठे जायला निघाली होती ते बरंच उलगडतं. मात्र ग्राहकाच्या जागी नुसतं विक्रेत्याचं नाव असेल, तर त्याला पहिला मालक समजू नका.

लेलँड मॅरेथॉनच्या बाबतीत एक लक्षात ठेवा. ही गाडी आधी एईसीच्या साउथॉल कारखान्यात बनली. १९७९ मध्ये साउथॉल बंद झाल्यावर ती स्कॅमेलच्या वॉटफर्डला गेली. म्हणून मॅरेथॉनची नोंद कधी कधी ‘लेलँड’च्या खणात नसते. तारीख बघून कोणता खण उघडायचा ते संग्रहालयाला सुचवा.

६. ब्रिटनमधली नोंदणी

१९७४च्या ऑक्टोबरपर्यंत गाड्यांची नोंदणी स्थानिक परिषदा करायच्या. त्यानंतर ते काम स्वॉन्सीच्या केंद्रीय कार्यालयाकडे गेलं. परिषदांच्या जुन्या वह्यांपैकी काही त्या जिल्ह्याच्या अभिलेखागारात आहेत, बऱ्याच वुस्टरशरमधल्या ड्रॉइटविचच्या किटहेड ट्रस्टकडे (आता ‘द बस आर्काइव्ह’चा भाग) गेल्या आणि काही नष्ट झाल्या. आधी आपल्या नंबराचा जिल्हा ठरवा, मग ती वही कुठे आहे ते विचारा, आणि मगच प्रवासाचं तिकीट काढा.

स्वॉन्सीच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की गाडीचा कारखाना, पहिल्या नोंदणीची तारीख, रंग इतकं फुकट दिसतं. काहीच दिसलं नाही तर निराश होऊ नका. जुनी लॉगबुकं संगणकावर चढवायची मुदत १९८३च्या अखेरीला संपली. त्याआधी मोडीत निघालेली, परदेशात विकलेली किंवा इराकच्या वाळूत सोडून दिलेली गाडी त्या यंत्रणेत कधी आलीच नाही. ‘नोंद नाही’ याचा अर्थ ‘गाडी नव्हती’ असा होत नाही.

आधीच्या मालकांची माहिती व्ही-८८८ अर्जावर मागता येते, पण योग्य कारण द्यावं लागतं आणि जिवंत माणसांची खासगी माहिती सहज मिळत नाही. गाडी तुमच्या नावावर असेल तर काम सोपं. नसेल तर मालकालाच अर्ज करायला सांगा.

७. रंगाचे थर

ट्रक आधी कोणाकडे होता, हे पुष्कळदा त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं, फक्त तीन रंगांखाली. काम घाईचं नाही आणि आवाजाचंही नाही.

आधी जागा निवडा. दाराचा बाहेरचा मध्यभाग, केबिनच्या कपाळावरचा नावाचा फळा, दाराच्या आतली कड, आणि पुढच्या जाळीमागचा पत्रा. शेवटच्या दोन ठिकाणी पुन्हा रंग देताना कोणी मेहनत घेत नाही, म्हणून मूळ रंग तिथे उघडाच सापडतो. दाराच्या मध्यावर घासण्याआधी संध्याकाळच्या तिरप्या उन्हात दाराकडे कडेने बघा. हाताने रंगवलेल्या अक्षरांचा थर जाड असतो. वर दोन रंग बसले तरी अक्षरांची कड उमटून दिसते. टॉर्च आडवी धरूनही हे दिसतं. आधी फोटो, मग पेपर.

घासायचं ते पाणी लावूनच. ४०० नंबरच्या वॉटर पेपरने रुपयाएवढ्या वर्तुळात सुरुवात करा. वरचा रंग फारच जाड असेल तरच २४०. पहिला थर फुटला की ६०० घ्या आणि वर्तुळ बाहेरच्या बाजूला पसरवत न्या, म्हणजे झाडाच्या खोडासारखी रंगांची कडी तयार होतात. ८०० फक्त शेवटच्या हातासाठी. दर थराला मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. लाल किंवा करडा सपाट थर आला तर तो प्रायमर. दोन प्रायमर आले तर मधे कधीतरी पत्रा बदलला आहे किंवा मोठी दुरुस्ती झाली आहे. पूर्ण अक्षर दिसेपर्यंत एकाच ठिकाणी खोल जाऊ नका, शेजारी नवं वर्तुळ काढा.

त्या काळच्या रंगांत शिसं असू शकतं. कोरडं घासलं तर ती धूळ फुप्फुसात जाते, म्हणून पाणी आणि मास्क. ब्रेक लायनिंग आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ड्रम उघडलाच तर हवेच्या पाइपने धूळ उडवू नका.

केबिन मूळचीच असेल, तर दारावर सापडलेलं नाव मालकाचं आहे, असं समजायला हरकत नाही. ट्रेलरच्या ताडपत्रीवरचं नाव मात्र बहुतेकदा फसवतं. या मार्गावर स्वतःचा ट्रक घेऊन दुसऱ्या कंपनीचा ट्रेलर ओढणारे मालक-ड्रायव्हर भरपूर होते. ट्रॅक्टर (म्हणजे ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक) एकाचा, ट्रेलर दुसऱ्याचा, माल तिसऱ्याचा. फोटोत ताडपत्रीवर मोठं नाव दिसलं तरी फाइलमध्ये ते ‘ट्रेलर’ या सदराखालीच लिहा.

८. परदेशातला माग

या भागात मेहनत जास्त आणि मोलाचे पुरावेही जास्त.

टीआयआर कार्नेट. सीलबंद माल वाटेतल्या प्रत्येक देशात न उघडता नेण्यासाठी हे पुस्तक लागायचं. ब्रिटनमध्ये रोड हॉलेज असोसिएशन आणि फ्रेट ट्रान्सपोर्ट असोसिएशन ते देत असत. पानांवर गाडीचा नोंदणी क्रमांक आणि प्रत्येक सीमेचे शिक्के असतात. पूर्ण झालेलं पुस्तक परत करावं लागे, त्यामुळे घरात सापडतात ती सुटी पानं. त्यांच्यावरचा शिक्का, तारीख आणि नोंदणी क्रमांक या तिन्हींचा जवळून फोटो घ्या.

टीआयआर मान्यता प्रमाणपत्र. माल ठेवायचा कप्पा सीलयोग्य आहे, असा हा दाखला. त्यावर चासी नंबर असतो. दोन वर्षांनी नवा घ्यावा लागे आणि १९७५च्या करारानुसार त्याला फोटो किंवा आराखडे जोडलेले असत. पण माल ट्रेलरमध्ये असतो, म्हणून तो नंबर ट्रेलरचा. हा नंबर ट्रॅक्टरचा समजून कारखान्याला पत्र पाठवणं ही नेहमीची चूक.

ड्रायव्हरचा पासपोर्ट. तुर्कस्तानात गाडी घेऊन शिरणाऱ्याच्या पासपोर्टावर गाडीची नोंद व्हायची, कारण बाहेर पडताना माणूस आणि गाडी दोन्ही बाहेर पडायला हवेत. म्हणून बल्गेरिया-तुर्कस्तान सीमेवरच्या कापिकुले नाक्याचा शिक्का असलेलं पान सापडलं तर त्याच पानावर नंबर प्लेट शोधा. माणूस, गाडी आणि तारीख एकाच कागदावर आणणारा याच्यासारखा पुरावा क्वचित मिळतो.

तारखा. इथे फार सांभाळा. सौदीच्या कागदांवर हिजरी वर्ष असतं. १३९५ हे वर्ष जानेवारी १९७५ मध्ये सुरू झालं आणि १४०० हे नोव्हेंबर १९७९ मध्ये. हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असतं, म्हणून एकच आकडा मिळवून सगळी वर्षं निघत नाहीत. प्रत्येक तारीख कोष्टकावरून बदला. इराणचं वर्ष सौर आहे आणि मार्चच्या २१च्या आसपास, नवरोजला सुरू होतं. त्यात ६२१ मिळवा, जानेवारी ते मार्चच्या तारखांना ६२२. म्हणजे १३५४ हे मार्च १९७५ ते मार्च १९७६. पण मार्च १९७६ पासून १९७८च्या ऑगस्टअखेरपर्यंत इराणात शाही गणना चालू होती आणि कागदांवर १३५५ ऐवजी २५३५ लिहिलं जायचं. तुर्कस्तान-इराण सीमेवरच्या बझारगान नाक्याच्या शिक्क्यावर २५३५ किंवा २५३६ दिसलं तर ती छपाईची चूक नाही, त्यातून ११८० वजा करा आणि मग पुढचा हिशेब.

आकडे. अरबी २ आणि ३ आपल्या २, ३ सारखेच दिसतात, म्हणून मराठी माणूस भरवशाने वाचत जातो आणि ५ वर पडतो. अरबी ५ म्हणजे पोकळ गोल, हुबेहूब आपलं शून्य. त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि गंजलेल्या प्लेटवर ठिपका आधी नाहीसा होतो. ७ खाली टोक असलेला कोन, ८ वर टोक असलेला. प्लेट उलटी बसवलेली असेल तर ही जोडी अदलाबदल होते. इराणी ४, ५, ६ अरबीहून वेगळे काढतात. आकडे डावीकडून उजवीकडेच वाचायचे, अक्षरं उजवीकडून.

यार्डात. आखातातल्या यार्डात जाण्याआधी मालकाची परवानगी घ्या. सीमानाका, लष्करी ठाणं, तेलाची यंत्रणा यांच्या दिशेने कॅमेरा वळवू नका, तिथे तो गुन्हा ठरतो. उन्हात लोखंड भाजतं, म्हणून सकाळी लवकर जा. गर्डरवरचा नंबर, मंत्रालयाची प्लेट आणि जाळीमागचा रंग या तीनच गोष्टींसाठी वेळ ठेवा, बाकी नंतर.

९. कंपनी शोधताना

कंपन्यांची नावं बदलत, बुडत, पुन्हा नव्या नावाने उभी राहत. ब्रिटिश कंपनीला मिळालेला नोंदणी क्रमांक मात्र नाव बदललं तरी तोच राहतो. चासी नंबरासारखाच तो आधी मिळवा. दिवाळखोरी आणि विसर्जनाच्या सूचना लंडन गॅझेटमध्ये छापल्या जातात आणि गॅझेट ऑनलाइन फुकट शोधता येतं. वाहतूक परवान्यांचे अर्ज आणि निर्णय विभागवार छापले जात, त्यांत गाड्यांची संख्या आणि डेपोचा पत्ता मिळतो. १९०५ साली सुरू झालेल्या कमर्शियल मोटर साप्ताहिकाच्या जुन्या अंकांत नव्या गाड्यांच्या खरेदीच्या बातम्या सापडतात. शोधताना कंपनीचं नाव, मालकाचं आडनाव आणि गाव असे तीन वेगळे शोध करा. एकाच शोधात हाती लागेल ते अपुरं असतं.

१०. फोटो

छापील फोटो ६०० डीपीआयला, स्लाइड किमान २४०० डीपीआयला स्कॅन करा. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. कोडॅकच्या काही स्लाइडच्या पुठ्ठ्यावर प्रक्रियेचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ते चित्रापेक्षा मोलाचं.

तारीख ठरवायला पार्श्वभूमी वापरा. इस्तंबूलचा बॉस्फरस पूल ३० ऑक्टोबर १९७३ला उघडला. ट्रक पुलावर असेल तर फोटो त्यानंतरचा, फेरीबोटीवर असेल तर बहुधा आधीचा. स्लाइड उलटी स्कॅन होणं ही नेहमीची गफलत. डाव्या स्टिअरिंगचा ईआरएफ सापडला म्हणून आनंद होण्याआधी नंबर प्लेटची अक्षरं सुलटी आहेत का ते बघा.

११. जुन्या ड्रायव्हरांशी बोलताना

ही माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या पुढची आहेत. आधी परवानगी घ्या, रेकॉर्डिंग करणार असाल तर स्पष्ट सांगा. ‘हाच ट्रक तुम्ही तेहरानला नेला होतात ना?’ असं विचारू नका, माणूस भिडेपोटी हो म्हणतो. ‘तेव्हा कोणती गाडी होती? गिअर कसा पडायचा? झोपायला जागा कुठे होती? कोणत्या नाक्यावर किती दिवस अडकलात?’ असं विचारा. फोटो शेवटी दाखवा. गिअरबॉक्सचं वर्णन बिल्ड शीटशी जुळलं की आठवण पक्की. वर्ष चुकण्याचा संभव मोठा, म्हणून ‘मुलगी झाली त्याआधी की नंतर?’ असा घरचा संदर्भ विचारा.

१२. फाइल आणि जुना नंबर परत मिळवणं

प्रत्येक नोंदीला चार रकाने ठेवा: तारीख, बाब, पुरावा कुठला, आणि दर्जा. दर्जा तीनच. ‘क’ म्हणजे चासी नंबर असलेला मूळ कागद. ‘ख’ म्हणजे नोंदणी क्रमांक दिसणारा फोटो किंवा कागद. ‘ग’ म्हणजे आठवण किंवा जाहिरात. विक्रीच्या जाहिरातीत ‘मध्यपूर्वेला गेलेली गाडी’ असं लिहिलेलं असलं, की किंमत वाढते. तेव्हा जाहिरात नेहमी ‘ग’. नंतर एखाद्या प्रसिद्ध कंपनीच्या रंगात रंगवलेला ट्रकही ‘ग’, रंगाखाली तोच रंग सापडेपर्यंत.

गाडी ब्रिटनमध्ये असेल आणि तिचा मूळ नंबर हरवला असेल, तर तो व्ही-७६५ योजनेतून मागता येतो. त्यासाठी नंबर आणि चासी यांना जोडणारा त्या काळचा कागद लागतो, जुनं लॉगबुक सर्वांत उत्तम. मान्यताप्राप्त मालक-क्लबने अर्जाला दुजोरा द्यावा लागतो आणि गाडी पूर्ण उभी असावी लागते, नुसता सांगाडा चालत नाही. मिळालेला नंबर पुढे दुसऱ्या गाडीवर नेता येत नाही. किटहेड ट्रस्टच्या किंवा जिल्हा अभिलेखागाराच्या वहीतल्या पानाची प्रमाणित प्रत इथे कामाला येते. म्हणून वही बघायला जाल त्याच दिवशी ती प्रत मागून घ्या, आणि पानावरचा चासी नंबर आपल्या पेन्सिलच्या ठशाशी तिथेच, टेबलावर ताडून बघा.